पीएचडीचा अर्ज आणि आजोबांचा दाखला

माझी भाची एम.एस्सी. केमिस्ट्री. वडिलांचा परभणीत फळांचा गाडा. सीएसआयआर-नेटचा निकाल लागला तेव्हा घरात पेढे वाटले गेले. पेढे संपल्यावर निकालाचा कागद नीट वाचला, तर ती तिसऱ्या गटात निघाली.

ज्यांच्या घरात कुणी पीएचडी केलेलं नाही, त्यांच्यासाठी सांगतो. 2024 पासून नेटच्या निकालात तीन गट असतात. पहिला जेआरएफचा, त्यात सुरुवातीला दरमहा 37,000 रुपये मिळतात. दुसरा सहायक प्राध्यापक पदासाठी आणि पीएचडीसाठी. तिसरा फक्त पीएचडी प्रवेशासाठी. त्यात पैसे नाहीत आणि तो निकाल प्रवेशासाठी एकच वर्ष चालतो.

त्या वर्षात गाईड शोधायचा. आम्हाला वाटलं, फॉर्म निघतो, आपण भरतो. तिनं चाळीस प्राध्यापकांना एकच ईमेल पाठवला. एकाचंही उत्तर नाही. मी मराठीचा मास्तर, मला केमिस्ट्रीतलं काय कळणार! पण ईमेल वाचून म्हणालो, "बेटा, हे पत्र कुणालाही लिहिलेलं आहे, म्हणून कुणीच उघडत नाही." मग तिनं पुण्यातल्या एका प्राध्यापकांचे दोन पेपर वाचले आणि त्यातल्या एका प्रयोगाबद्दल एक प्रश्न विचारला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. जागा आहे, मुलाखतीला या. पण प्रकल्पात पैसे नाहीत, स्वतःची फेलोशिप आणता येईल का?

मौलाना आझाद फेलोशिप असती तर प्रश्नच नव्हता. 2009 पासून ती आपल्या मुलामुलींना मिळत होती. डिसेंबर 2022 मध्ये सरकारनं लोकसभेत सांगितलं, इतर योजनांशी सरमिसळ होते म्हणून बंद. ते "इतर" आमच्या भाचीला मी अजून शोधून देतोय. राज्य मंत्रिमंडळानं 2024 साली मार्टीला मंजुरी दिली, हे चांगलंच झालं. पण निकालाचं वर्ष तिच्यासाठी थांबणार नव्हतं.

उरली महाज्योती. आम्ही बागवान, म्हणजे ओबीसी. पण कागदावर? आपल्यातल्या किती घरांत हा प्रमाणपत्राचा कागद काढलेलाच नसतो! पुरावा 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा लागतो. तिच्या दादांच्या शाळेचा उतारा काढला, तर जातीच्या रकान्यात नुसतं "मुसलमान". गुरुजींनी विचारलं नसेल, दादांनी सांगितलं नसेल.

मग केमिस्ट्री बाजूला ठेवून पोरगी वंशावळ शोधत फिरली. मानवतला चुलत दादांचं नाव जुन्या उर्दू रजिस्टरात सापडलं. तिला उर्दू वाचता येत नाही. शिक्षण सगळं मराठीतून. मोबाईलवर फोटो काढून आणला आणि नानीपुढे धरला. माझ्या अम्मीनं चष्मा पुसून एकेक अक्षर लावलं: बे, अलिफ, गैन... पुन्हा वरून वाचलं आणि म्हणाली, "बागवानच लिहिलंय."

सेतूवाल्यानं त्याचं मराठी भाषांतर मागितलं, तेही दिलं. अर्ज चौकशीत आहे. तिच्यासाठी मध्येच एक स्थळ येऊन गेलं. तिच्या अब्बांनी मुलाखतीपर्यंत थांबा म्हणून सांगितलं. माझी बहीण त्यावर काही बोलली नाही, पण पाहुण्यांचा नंबर तिनं जपून ठेवलाय.

मुलाखत मंगळवारी आहे. सोमवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सची दोन तिकिटं काढली आहेत, एक तिचं, एक माझं. निकालाच्या वर्षातले चार महिने शिल्लक आहेत.