पूर्णविरामात लपलेला खून
अगाथा ख्रिस्तीची १९२६ सालची 'द मर्डर ऑफ रॉजर ऍक्रॉइड' ज्यांनी अजून वाचलेली नाही, त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी ती वाचावी. खुन्याचं नाव पुढे येणारच आहे.

गोष्ट सांगतात गावचे डॉक्टर शेपर्ड. निवृत्त होऊन शेजारी राहायला आलेल्या, बागेत भोपळे लावणाऱ्या गुप्तहेर प्वारोच्या तपासात तेच त्याच्या सोबत असतात. शेरलॉक होम्सच्या वॉटसनने वाचकाला सवयच लावून ठेवली होती: सांगणारा डॉक्टर थोडा भोळा असेल, पण मनाचा सरळ असणार. ख्रिस्तीने त्या सवयीलाच हात घातला. खून शेपर्डनेच केलेला असतो.

रहस्यकथा लिहायला बसलेल्या माणसाने ती पानं पेन्सिल हातात घेऊन वाचावीत. नऊला वीस मिनिटं कमी असताना ऍक्रॉइडच्या हातात पत्र येतं. नऊला दहा कमी असताना शेपर्ड खोलीबाहेर पडतो. दोन वाक्यं एकामागोमाग येतात, मध्ये नुसता पूर्णविराम. खून तिथे झालाय! पुढे प्रेत सापडल्यावर, जे थोडंफार करायचं होतं ते केलं, अशा अर्थाचं काहीतरी तो लिहून जातो. वाचक समजतो, डॉक्टर नाडी बघत असेल. तो डिक्टाफोन, म्हणजे आवाज टिपून ठेवणारं यंत्र, बॅगेत घालत असतो.

आणि वाचकापासून पुरावा लपवलेलाही नाही. घरापासून फाटकापर्यंत चालायला पाच मिनिटं पुरतात, शेपर्डला दहा लागली. घड्याळाचे ठोके त्यानेच नोंदवलेत. प्वारो त्यावरच बोट ठेवतो.

फसवलं म्हणून तेव्हा काही वाचक-समीक्षक चिडले. रहस्यकथाकार डोरोथी सेयर्स ख्रिस्तीच्या बाजूने उभी राहिली. १९२९ मध्ये रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सने नियम घालून दिला, की गुप्तहेराच्या वॉटसनने मनातलं काही दडवू नये. 'अविश्वसनीय निवेदक' ही संज्ञा समीक्षक वेन बूथने रूढ केली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९६१ साली.

सेयर्सचंच बरोबर होतं. शेवटच्या पानावर निवेदकाला स्मृतिभ्रंश होता किंवा सगळं स्वप्न होतं असं सांगितलं, की आधीची दोनशे पानं एकदम पोकळ होतात. इथे उलट घडतं. दुसऱ्या वाचनात शेपर्डचं प्रत्येक साधं वाक्य जड होत जातं, आणि त्याची चौकस बहीण कॅरोलाइन समोर आली की पोटात खड्डा पडतो.

अखेरच्या प्रकरणात शेपर्ड स्वतःच त्या दोन वाक्यांकडे परत येतो. ती किती छान जमली, याचं त्याला कौतुक वाटतं. मध्ये फुल्यांची एक ओळ टाकली असती, तर कुणाला शंका आली असती का, असं तो विचारतो.