कसला आवाज?

मोटार जुनी असावी आणि शेजार सोशिक असावा, हे दोन योग एकाच माणसाच्या कुंडलीत सहसा येत नाहीत. माझ्या कुंडलीत ते आले आहेत. आमची अँबॅसडर १९७८ सालची. विलायतेतल्या मॉरिस ऑक्सफर्डच्या घाटावर बेतलेली ही गाडी कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला तयार होत असे. २०१४ साली तिथले उत्पादन थांबले. म्हणजे आमच्या गाडीला आता माहेर उरलेले नाही. आहे तिथेच, आमच्या वाईच्या अंगणात, तिला दिवस काढायचे आहेत. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झाल्यावर ती जुनी विकत घेतली आणि डोळ्यांत तेल घालून सांभाळली. पुढे त्यांनी चालवणे सोडले नि ती माझ्या हाती आली.

गेल्या पावसाळ्यात तिने नवेच खूळ काढले. सकाळी शाळेला निघताना मी किल्ली फिरवली की बॉनेटखालून एक किंकाळी उठे. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तशी! दहापंधरा सेकंदांनी ती थांबे. पाऊस असला आणि दिवे लावावे लागले तर मात्र चांगली कोपऱ्यापर्यंत साथ करी. समोरच्या काकू तुळशीला पाणी घालता घालता दचकत. पण माणूस इतका भला, की दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी पूजेची वेळच बदलली.

माझे यंत्रशास्त्र मॅट्रिकच्या पदार्थविज्ञानापाशी थांबलेले. घर्षणावर पाच मार्कांचा प्रश्न येई, तो मी पाठ केला होता. पण ते घर्षण कधी माझ्याच दारात येऊन ओरडेल असे वाटले नव्हते. गॅरेजमधल्या पोऱ्याने सांगितले, "मास्तर, फॅनबेल्ट आहे. साबणाची वडी फिरवा त्याच्यावरनं." मी फिरवली. दोन दिवस गाडी अगदी शहाण्या मुलीसारखी वागली. तिसऱ्या दिवशी किंकाळी दुप्पट झाली.

तेव्हा निरुपाय होऊन मी अण्णांकडे गेलो. ते ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसले होते. हाताला धरून त्यांना गाडीपाशी आणले, बॉनेट उघडले, इंजिन चालू केले. किंकाळी उठली. पत्र्यावरची पारवी भुर्रकन उडाली. अण्णा कमरेवर हात ठेवून इंजिनाकडे पाहत होते; चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही.

"छान चाललंय की," ते म्हणाले. "कसला आवाज?"

मला वाटले थट्टा करताहेत. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. काय झाले ते बहुधा आम्हा दोघांनाही एकदमच कळले. पण ते बोलले एवढेच : "बरं. तुला येतोय ना? मग तू कान हो, मी हात होतो."

आणि तपासणी सुरू झाली.

"आधी सदऱ्याच्या बाह्या वर कर. फिरत्या पट्ट्याला बाही नि बोट सारखंच." मग त्यांनी मला दिवे लावायला सांगितले. "वाढला?" वाढला. "म्हणजे डायनॅमोवर भार पडला की पट्टा घसरतोय." मग लांबून, जपून, पट्ट्याच्या आतल्या अंगाला पाण्याचे चार थेंब उडवले. "आता? कमी झाला का वाढला?" वाढला. "कमी होऊन पुन्हा आला असता तर पुल्या एका रेषेत नाहीत असं समजलो असतो. वाढला म्हणजे पट्टा सैल आहे."

पण एवढ्यावर भागेना. बेअरिंग गेले असले तरी गाडी ओरडते. अण्णांनी लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचे टोक डायनॅमोच्या अंगावर टेकवले नि मूठ कानाला लावली. उभा जन्म त्यांनी याच रीतीने एस.टी.च्या इंजिनांची नाडी पाहिली होती. क्षणभर ते तसेच राहिले. मग काही न बोलता त्यांनी तो स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला.

"तू ऐक. घरघर आहे का नुसती गुणगुण?"

गुणगुण होती. इंजिन बंद केले. दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबले तेव्हा पट्टा चांगला इंचभर खाली गेला. अर्ध्या इंचाहून जास्त जाता कामा नये. काढून पाहिला तर त्याच्या दोन्ही कडा आरशासारख्या चकचकीत झालेल्या. "हा पट्टा तळानं धरत नाही, कडांनी धरतो," अण्णा म्हणाले. "कडा गुळगुळीत झाल्या की संपला. नि साबण कुणी लावला याला? साबणानं पट्टा गप्प बसतो, पकड येत नाही. हाच पट्टा पाण्याचा पंप फिरवतो. पसरणीच्या घाटात गाडी उकळली असती, म्हणजे कळलं असतं."

नवा पट्टा आणला. डायनॅमो बाहेर ओढून मी तो सतारीच्या तारेसारखा ताणू लागलो, तेव्हा अण्णांनी माझा हात धरला. "फार तंग करू नकोस. ओरडायचा थांबेल, पण बेअरिंग खाईल. अर्धा इंच ढील लागतेच. आणि शेदोनशे किलोमीटर गेले की पुन्हा बघ; नवा पट्टा थोडा सैलावतो."

गाडी शांत झाली. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

गेली चारपाच वर्षे आमच्या घरात एक तक्रार होती : अण्णा मुद्दाम ऐकत नाहीत. पुरुषांच्या गप्पांत बरोबर भाग घेतात, पण सुनेने हाक मारली की त्यांना ऐकू येत नाही. धाकटी नात काही सांगू लागली की भलतेच उत्तर देतात. पोर बिचारी हिरमुसून त्यांच्याशी बोलेनाशी झाली होती. आणि मी? मी कादंबरीकार, माणसाच्या अंतःकरणाचा ठाव घेतो असा माझा लौकिक. माझ्या गेल्या कादंबरीत एक हेकट म्हातारा आहे. सोयीचे तेवढेच ऐकणारा. वाचकांना तो फार आवडला. तो कोणावरून लिहिला, हे सांगायला नकोच. अण्णांनी ती कादंबरी वाचली होती. "बरी आहे" म्हणाले होते.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी कानांचा आलेख काढला. खालच्या स्वरांपाशी रेघ बरी होती. तीनचार हजार हर्ट्झच्या आसपास ती पसरणीच्या घाटासारखी खाली उतरली होती. कानाच्या आत केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात. वर्षानुवर्षे कार्यशाळेच्या गोंगाटात त्या मरतात नि पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात त्या उंच स्वर ऐकणाऱ्या. इंजिनाची घरघर ऐकू येते, पट्ट्याची किंकाळी येत नाही. बाईमाणसाचा, लहान मुलाचा आवाज अस्पष्ट होतो. स, श, त, क गळून पडतात. नात म्हणते, "शाळा सुटली", आजोबांना ऐकू येते, "आळा उटली". "मोठ्यानं ओरडून उपयोग नाही," डॉक्टर म्हणाले. "समोर बसून, सावकाश बोला." मला अर्ध्या इंचाची ढील आठवली.

कानात यंत्र आले. त्याने कान नवे होत नाहीत. पण बरेच काही परत येते. घरी आल्यावर अण्णा थेट अंगणात गेले आणि म्हणाले, "पट्टा सैल कर."

"अहो, आत्ता कुठे बसवलाय!"

"कर म्हणतो ना. नि दिवे लाव."

मी पट्टा सैल केला, किल्ली फिरवली. गाडीने जीव खाऊन किंकाळी फोडली. अण्णांनी दोन्ही हातांनी कान झाकले. मग हळूहळू ते खाली घेतले आणि शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"बंद कर," ते म्हणाले. "इतके दिवस असं ओरडत होती?"

"हो."

"आणि पोरगीही?"

मी उत्तर दिले नाही. पाना त्यांच्याच हातात होता. त्यांनी डायनॅमो ओढला, नट आवळला, अंगठ्याने पट्टा दाबून पाहिला. अर्धा इंच. मग हात पुसत ओसरीकडे तोंड करून त्यांनी धाकटीला हाक मारली.