घरातले भय

भयपट चित्रपटगृहातच पाहावा, असे आम्ही पूर्वी आग्रहाने म्हणत असू. सार्वजनिक अंधार आणि शेजाऱ्याची दचक यांवाचून भय रंगत नाही, ही आमची समजूत. हिदेओ नाकाता यांच्या 'रिंगू'ने (१९९८) ती मोडली. शापित व्हिडिओफीत पाहणारा सात दिवसांनी मरतो, एवढेच कथासूत्र. परंतु अखेरीस सादाको दूरचित्रवाणी संचाच्या काचेतून बाहेर येते, ती विद्यापीठात शिकवणाऱ्या एका गृहस्थाच्या घरात. चित्रपटगृहात ते घर दुसऱ्याचे असते. घरी पाहताना तोच संच आपल्यासमोर असतो. राम गोपाल वर्मांच्या 'भूत'नेही (२००३) भयाला ओसाड हवेलीतून मुंबईच्या सदनिकेत आणले.

आई गेल्यावर काही महिन्यांनी आम्ही 'रिंगू' पुन्हा पाहिला, एकट्याने. चित्रपट थांबवण्याची कळ हाताशी होती. न राहवून दाबली. त्यासरशी घरातली शांतता ऐकू आली. आईच्या खोलीचे दार आम्ही तोवर उघडले नव्हते. त्या दाराकडे पाहण्यापेक्षा सादाको बरी, असे वाटले आणि आम्ही चित्रपट पुढे सुरू केला.