जर्मनमध्ये ‘बघू’ चालत नाही

माझी भाची रोह्याची. नर्सिंग झालंय, सध्या जर्मन शिकतेय. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. पहिल्या टप्प्यात 10,000 तरुण पाठवायचं ठरलं. तेव्हापासून आपल्याकडे जर्मनचं नाव घरोघरी पोचलंय.

रविवारी ती पेणला आली की सराव मी घेतो. मला जर्मन येत नाही, पुस्तक धरून नुसते प्रश्न विचारतो. ‘हास्ट डू आम झाम्स्टाग त्साइट?’ म्हणजे शनिवारी वेळ आहे का?

ए-2 च्या तोंडी परीक्षेत एक भाग याचाच असतो. दोघांच्या हातात वेगवेगळी वेळापत्रकं. एकमेकांना विचारत दोघांनाही जमेल अशी वेळ काढायची. जमत नसेल तर तसं स्पष्ट सांगायचं, आणि लगेच दुसरी वेळ सुचवायची.

त्यात घड्याळाची एक गंमत. ‘हाल्ब फीअर’ म्हणजे शब्दशः अर्धा चार, पण वेळ साडेतीन! चौथा तास अर्धा झाला, म्हणून. भाची चक्रावली. मी म्हटलं, अगं, आपली जुनी औटकी आठव. औट म्हणजे साडेतीन, मूळ अर्थ ‘चौथा अर्धा’. अडीच म्हणजे ‘तिसरा अर्धा’. आपल्या पणजोबांना हे जर्मन घड्याळ लगेच कळलं असतं.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. आपलं उत्तर ‘बघू’, ‘जमलं तर येतो’. लोक म्हणतात, कोकणी माणूस आळशी. मला नाही पटत. पेणच्या कारखान्यात ‘गणपतीच्या आधी’ म्हटलं की मूर्ती तयार असतेच, चतुर्थी कुणासाठी थांबत नाही. पण मुंबई-गोवा महामार्गाचं काम 2011 पासून चालू आहे. दिवा-रोहा गाडी चुकली की पुढचीसाठी ताटकळायचं. अशा ठिकाणी माणूस नेमकी वेळ देणार कुठून?

आणि वेळ पाळायची ती फक्त मुलांनीच का? भाचीने आधी एका वर्गात नाव घातलं होतं. ‘पुढच्या आठवड्यात सुरू’ असं तीनदा ऐकलं. ड्युटी तीनदा बदलून घेतली, वर्ग काही भरला नाही. जर्मनीत नर्स म्हणून नोंदणीला सहसा बी-2 पातळी लागते. म्हणजे ए-1 पासून चार पायऱ्या. तिथे वाया गेलेला महिना परत मिळत नाही.

म्हणून लोकप्रतिनिधींना एकच मागणी. जर्मनीची स्वप्नं दाखवताना तालुक्याला वर्ग कुठे, कोणत्या तारखेला, किती वाजता आणि शिकवणार कोण, एवढं फलकावर लावा. परीक्षेत पोरांकडून जे अपेक्षित आहे, तेवढंच.

पेण-रोह्यात कोणी जर्मन शिकत असेल तर कळवा. आठवड्यातून एकदा एकत्र बसून सराव करू. फक्त वार आणि वेळ नक्की सांगा. ‘बघू’ नको!