शांतता इश्यू करणे आहे

बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलेल्या माणसाला जगात दोनच गोष्टी दिसतात. एक जमा, दुसरी नावे. त्यामुळे आमच्या गावच्या कॉलेजला ग्रंथालय सल्लागार समितीवर 'हिशेब कळणारा माणूस' हवा झाला, तेव्हा प्राचार्यांनी मला गाठलं. मानधन शून्य. मीटिंगला चहा आणि चर्चा लांबलीच तर बटाटेवडा.

पहिल्याच मीटिंगला विषय निघाला: संध्याकाळी वाचनकक्षात वीज जळते, शिपाई थांबतो, आणि देवघेवीच्या रजिस्टरात त्या वेळेचं पान जवळजवळ कोरं. तेव्हा सहाला कुलूप लावावं. हिशेबानं मुद्दा बिनतोड. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "साहेब, तुम्ही विहिरीला कर्ज देता, तेव्हा पैसे वाटून मोकळे होता का?"

नाही होत हो! आमचा अधिकारी फटफटीवरून धुरळा खात जातो, विहिरीत डोकावतो, पाणी लागलंय का बघतो.

"मग आमचीच विहीर रजिस्टरात का बघता?"

मी वडा खाली ठेवला.

बाईंनी मग सांगितलं, की अमेरिकेत कॉलेजांच्या ग्रंथपालांच्या संघटनेनं २०१९ साली 'प्रोजेक्ट आउटकम' नावाची प्रश्नावली काढली. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी ती २०१५ सालीच आली होती. किती माणसं आली हे मोजायचं नाही. आलेल्याचं काय झालं ते विचारायचं. ज्ञान वाढलं का? आत्मविश्वास आला का? शिकलेलं वापरणार का? ग्रंथालयात काय काय मिळतं हे कळलं का? शिवाय मोकळं लिहायला जागा. काही दिवसांनी पुन्हा विचारायचं, खरंच वापरलंत का? आणि हे सगळं घडवायला तिथले ग्रंथपाल आपली नोकरी सांभाळून, विनावेतन समित्यांवर बसले. म्हणजे आमच्यासारखेच, वड्याचं मात्र माहीत नाही.

आम्ही तेच प्रश्न मराठीत उतरवले. 'आत्मविश्वास' या एका शब्दावर एका प्राध्यापकांनी अर्धा तास घेतला. पगारी माणूस घड्याळ बघतो. फुकट काम करणारा हक्कानं बोलतो.

कागद भरून आले. बऱ्याच पोरांनी मार्क मिळतील असं समजून सगळीकडे 'पूर्ण सहमत'वर खुणा केल्या होत्या. पण एकानं मोकळ्या जागेत लिहिलं होतं, 'घरी खोली एक, माणसं सात, टीव्ही एक. पुस्तक माझंच आणतो. इथं फक्त शांतता मिळते.'

आता सांगा, शांतता कुठल्या रजिस्टरात इश्यू करायची? परत आली नाही तर दंड किती लावायचा?

वाचनकक्ष रात्री आठपर्यंत उघडा राहिला, तूर्त एका वर्षापुरता. पुढच्या वर्षी विजेचं बिल पुन्हा टेबलावर येणार आणि 'एका पोरासाठी?' असं कोणीतरी विचारणारच. तोवर या खात्यावर मी 'बाकी पुढे ओढली' असं लिहून ठेवलंय.