रात्री भाजावे, सकाळी वाढावे : लांज्याकडचे तवशाचे धोंडस



घाटावरच्या माणसाने कोकण पाहायचे तर उन्हाळ्यात आंब्याच्या मोहाने जाऊ नये. भाद्रपदात, गणपतीला जावे. कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाणारी एस.टी. मलकापूर सोडते आणि आंबा गाव मागे टाकून घाटाच्या तोंडाशी येते. तिथून खाली पाहिले तर काही दिसत नाही, नुसते धुके. वळणावळणाला कड्यावरून पाणी कोसळत असते. साखरप्याला गाडी उतरली की हवा बदलते, मातीचा रंग बदलतो, माणसांच्या बोलण्याचा हेलही बदलतो. आमची काळी माती मागे राहते आणि तांबड्या जांभ्या दगडाची घरे, भाताची हिरवीगार खाचरे आणि परसातले मांडव सुरू होतात.

मी मूळचा घाटावरचा, ऊस आणि शाळू पिकवणाऱ्या घरातला. बी.एस्सी. (कृषी) झालो आणि नोकरीच्या सुरुवातीलाच लांजा तालुक्यात नेमणूक मिळाली. 1998 सालची गोष्ट. त्याच वर्षी 26 जानेवारीला कोकण रेल्वे मुंबईपासून थेट पूर्ण मार्गावर सुरू झाली होती आणि त्या गणपतीला चाकरमानी नुसते लोटले होते. एका गावातल्या शेतकऱ्याने मला आग्रहाने घरी ठेवून घेतले. गावाचे आणि माणसांचे नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगायचे आहे त्यात चूक माझी आहे आणि घर त्यांचे आहे.

पंचवीस माणसांची न्याहारी

त्या घरात एरवी सात माणसे. गणपतीला पंचवीस झाली. रात्री आरत्या, मग भजन, मग वाडीतली पोरे पायांत चाळ बांधून जाखडी नाचायला बाहेर पडली. ती परतली तेव्हा कोंबडा आरवला होता. मी पडवीत आडवा झालो होतो. मनात म्हटले, आता या सगळ्यांना भूक लागणार आणि घरातल्या बायकांचे काही खरे नाही. आमच्याकडे सणाच्या सकाळी आईला चुलीपुढून उठलेली मी कधी पाहिली नव्हती. सगळ्यांचे खाऊन झाल्यावर कढईच्या बुडाशी उरलेले ती खायची, तेही उभ्याने.

इथे पाहतो तर काय, चूल थंडच! घरच्या आजी आणि त्यांची सूनबाई, दोघी ओटीवर सगळ्यांच्या पंगतीत बसलेल्या. मध्ये एक मोठा पितळी टोप. त्यातून सुरीने कापलेले तपकिरी, खमंग, जाड तुकडे प्रत्येकाच्या पानावर पडत होते. वर लोण्याचा गोळा, सोबत चहा. पहिल्या घासाला गूळ, दुसऱ्याला हळदीच्या पानाचा वास आणि मागून काकडीचा थंडावा. दोन तुकड्यांत पोट असे भरले की दुपारच्या नैवेद्यापर्यंत भुकेची आठवण झाली नाही.

"आजी, हे कधी केलंत?" मी विचारले.

"कधी म्हंजे? काल सांजच्याला. धोंडस रातीच करायचं, साहेब. सकाळी आमी पण माणसंच की!"

हे वाक्य मी विसरलो नाही.

तवसे म्हणजे काय

घाटावरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. तवसे म्हणजे कोकणातली पावसाळी काकडी. पण बाजारातल्या वीतभर कोवळ्या काकडीशी तिची तुलना करू नका. मृग लागला की परसात आळे करून, शेणखत घालून दोन-चार बिया टोचतात. वेल मांडवावर चढतो, नाहीतर गोठ्याच्या छपरावर. फळ वेलावरच जून होऊ दिले की हाताएवढे लांब आणि मांडीएवढे जाड होते, साल पिवळी-तपकिरी पडते. गणपतीच्या डोक्यावर जी रानफळे, फुले टांगतात त्यांत तवशाला मान असतो. उरलेली जून तवशी दोरीच्या फासात अडकवून घराच्या वाशांना टांगतात. वारा लागतो, फळ जमिनीला टेकत नाही, त्यामुळे ती कितीतरी दिवस टिकतात. गोव्यातही याच तवशाचा असाच पदार्थ करतात. तिकडे त्याला तवसळी म्हणतात.

धोंडस असे करा

आजींच्या हाताचे माप मी वहीत उतरवून घेतले. दहा-बारा माणसांना पुरते.

तांदळाचा जाडसर रवा 4 वाट्या, जून तवशाचा कीस रसासकट 6 वाट्या, चिरलेला गूळ अडीच वाट्या, ओले खोबरे दीड वाटी, तूप अर्धी वाटी, मूठभर काजू, अर्धा चमचा मीठ, बोटभर किसलेले आले आणि हळदीची चार-पाच पाने.

तवसे किसण्यापूर्वी दोन्ही टोके कापून एक फोड चाखा. ही पायरी कधीही चुकवू नका. कडू लागले तर ते फळ गुळाने झाकायला जाऊ नका, सरळ टाकून द्या. कडू काकडी पोटाला बाधते. फळ गोड निघाले तर साल काढा, मधला बियांचा गर वेगळा काढा आणि उरलेला मगज किसा. कीस पिळू नका, त्यातले पाणीच रवा शिजवते.

रवा थोड्या तुपावर मंद भाजा. रंग बदलू देऊ नका, वास सुटला की पुरे. दुसरीकडे कीस आणि गूळ एकत्र करून गूळ विरघळेपर्यंत गरम करा. त्यात मीठ, आले, खोबरे, काजू आणि शेवटी रवा घालून हलवा. खाली उतरवून तासभर झाकून ठेवा. रवा फुगून येतो. मिश्रण इडलीच्या पिठापेक्षा थोडे दाट हवे. फारच घट्ट झाले तर नारळाचे दूध घालून सैल करा. सोडा लागत नाही.

जाड बुडाच्या, कल्हई केलेल्या टोपाला तूप माखा, तळाशी हळदीची पाने पसरा आणि मिश्रण ओता. वर पुन्हा पान ठेवा. चुलीतला जाळ ओढून घ्या, टोप नुसत्या निखाऱ्यांवर ठेवा, झाकणावरही निखारे घाला. खालचे निखारे कमी, वरचे जास्त, नाहीतर बूड करपते आणि वर कच्चे राहते. पाऊण ते एक तास लागतो. सुरी खुपसून पाहा, कोरडी निघाली की झाले. गॅसवर करायचे तर टोपाखाली जाड तवा ठेवा आणि आच अगदी बारीक करा. कडा सुटल्या की वर झाकण म्हणून दुसरा तापलेला तवा ठेवला तरी वरची बाजू खमंग होते.

आता खरे काम थांबण्याचे. गरम असताना कापले तर भुगा होतो. रात्रभर निवू द्या. मात्र घट्ट झाकण लावू नका. आतली वाफ घामासारखी सुटते आणि पावसाळी हवेत बुरशी धरते. वर स्वच्छ सुती फडके बांधा. सकाळी वड्या कापा, हव्या तर तव्यावर तुपात दोन्हीकडून शेकून घ्या. ओले खोबरे असल्यामुळे दुसऱ्या दिवशी संपवा. आंबूस वास आला किंवा तुकडा मोडताना तार सुटली तर जिवावर येऊन खाऊ नका, टाकून द्या.

माझी चूक

त्या गणपतीनंतर तीन वर्षे मी त्या तालुक्यात होतो. तरुण होतो, उत्साह दांडगा होता. बाजारात कोवळ्या काकडीला भाव होता. मी गावोगाव सभा घेतल्या, सुधारित बियाणे दिले, मांडव कसा करावा ते दाखवले. लोकांनी ऐकले. त्या घरानेही ऐकले. पावसाळ्यात दर आठवड्याला काकडीच्या पाट्या लांज्याच्या बाजारात जाऊ लागल्या. पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्यातून निघाला. हे चांगलेच झाले आणि आजही मी त्याला वाईट म्हणणार नाही.

पण एक गोष्ट मी सांगितली नाही. काकडीचे परागीकरण मधमाश्या करतात. दोन जातींचे वेल शेजारी असले की माशी इकडचे पराग तिकडे नेते. त्या वर्षीचे फळ तसेच दिसते, फरक कळत नाही. पण त्यातले बी धरून पुढच्या वर्षी लावले की मिसळ उगवते. मी पुस्तकात हे शिकलो होतो, परीक्षेत लिहिलेही होते. सभेत मात्र बोललो नाही, कारण घरच्या तवशाच्या बियाला किंमत आहे हे माझ्या डोक्यातच आले नाही.

पुढे बदली होऊन मी घाटावर आलो. 2014 च्या गणपतीला त्या घराने पुन्हा बोलावले. पहाटे चारला जाग आली ती भांड्यांच्या आवाजाने. सूनबाई, आता चाळिशी ओलांडलेल्या, चुलीपुढे बसून पोह्यांचा तिसरा घाणा काढत होत्या. आरती, भजन झाल्यावर पाठ टेकली असेल नसेल. ओटीवर पंगत बसली, त्यांचे पान मांडलेलेच नव्हते.

"वहिनी, धोंडस नाही का केलंत?" मी विचारले.

त्या हसल्या. "तवसं कुठंय, भाऊजी? बाजारच्या काकडीचं करून बघितलं. नुसतं पाणी. रव्याचा गोळा झाला."

आजी तेव्हा थकल्या होत्या, पण बोलणे तसेच. म्हणाल्या, "चार-पाच वर्सं तवशी आली, मग बारीक झाली, कायबाय आकाराची. दोनदा कडू निघाली. मग लावायचीच सोडली. साहेब, तुमची काकडी विकायला चांगली. आमचं तवसं ठेवायला."

मी मान खाली घातली. मग जे टाळले होते ते सगळे त्यांना सांगितले. त्यांनी रागावायला हवे होते. पण त्या म्हणाल्या, "मग आता बी शोधा."

बी मिळाले ते आजींच्या माहेरी. त्यांच्या भावजयीने शेणाच्या गोवरीत बिया थापून ती गोवरी चुलीमागच्या भिंतीला लावून ठेवली होती. त्या डोंगराकडेच्या वाडीत बाजारची काकडी पोचलीच नव्हती. अकरा बिया मिळाल्या. 2015 च्या मृगाला त्या टोचल्या, सात उगवल्या.

बी शुद्ध कसे ठेवावे

काकडी विकू नका असे मी म्हणत नाही. दोन्ही लावा, पण बियांसाठी एवढे करा.

वेलावर नुसत्या देठाची फुले असतात ती नर. ज्यांच्या मागे बारीक काकडी दिसते ती मादी. उद्या सकाळी उमलणाऱ्या कळ्या आज संध्याकाळी ओळखता येतात, टोकाला पिवळी झाक येते. तवशाच्या अशा दोन-तीन मादी कळ्या आणि तेवढ्याच नर कळ्या दोऱ्याने हलकेच बांधा, म्हणजे माशी आत शिरणार नाही. सकाळी लवकर दोरा सोडा, नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाला लावा आणि मादी फूल पुन्हा बांधा. त्या देठाला रंगीत दोरा बांधून खूण ठेवा. हे फळ खायचे नाही, बियांचे.

फळमाशीने टोचलेली फळे वेलाखाली कुजू देऊ नका. ती गोळा करून खोल पुरा. बियांच्या फळाला कागदी पिशवी घाला. फळ पूर्ण पिकले की गर बियांसकट एक-दोन दिवस भांड्यात ठेवा, मग चोळून धुवा. तळाशी बसलेल्या बिया घ्या, तरंगणाऱ्या टाका. सावलीत खडखडीत वाळवून राखेत घोळवून ठेवा. आणि सगळ्या बिया एकाच घरात ठेवू नका. शेजारी द्या, लेकीच्या सासरी द्या. आपल्या घरचे बुडाले तर त्यांच्याकडचे परत मिळते. आजींच्या बाबतीत तेच झाले.

घाटावर तवसे मिळाले नाही तर पिकल्या लाल भोपळ्याचा कीस घेऊन पाहा. त्याला पाणी कमी सुटते, म्हणून नारळाचे किंवा गाईचे दूध जास्त लागेल. आमच्या घरी दिवाळीच्या आदल्या रात्री असेच करतो. टोप निखाऱ्यांवर ठेवायचे काम माझ्याकडे असते.

2015 च्या गणपतीला मी मुद्दाम रजा काढून गेलो. आंबा घाटात धुके होते, साखरप्याला पाऊस होता. पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि परसदारी टोपाच्या झाकणावर निखारे लाल दिसत होते. सकाळी ओटीवर पंगत बसली. वहिनींचे पान आजींच्या शेजारी होते. त्यांनी पहिला तुकडा मोडला, चाखला आणि म्हणाल्या, "गूळ जरा कमी पडला."

आजी म्हणाल्या, "पडू दे. तू खा आधी."