काचेला न कळता

लक्ष्मी रस्त्याने अलका टॉकीजच्या चौकातून पूर्वेकडे पायी निघावे. साड्यांची दुकाने मागे पडतात, सोन्या मारुतीजवळची सराफी संपते, आणि तोवर पिशव्या धरून मुकाट चालणाऱ्या पुरुषमंडळींच्या चालीत एकाएकी जोर येतो. नाना पेठ आली असे खुशाल समजावे! नाना फडणविसांच्या नावाची ही पेठ. तिचे जुने नाव हनुमान पेठ. आज तिथे मोटारींचे आणि स्कूटरींचे सुटे भाग विकतात. कुठे आरसे टांगलेले, कुठे भोंग्यांची परीक्षा चाललेली, कुठे सीटांच्या कव्हरांचे ढीग. दसऱ्याला घेतलेली गाडी झेंडूची माळ सुकण्याच्या आत इथे येते आणि नटून-थटून परत जाते.

आमच्या मेहुण्यांची गाडी अशीच आली. उन्हाचा ताप कमी करणारी फिल्म काचांना लावायची होती. कोणी हातचे काम करीत असले की पाहत उभे राहावे ही माझी जुनी सवय, म्हणून मीही बरोबर गेलो. एका बोळाच्या तोंडाशी हे काम करणारे गृहस्थ बसतात. वय साठीच्या घरात, बोटे लांबसडक. शेजारचे दुकानदार त्यांना उस्ताद म्हणतात.

मेहुण्यांनी आधी काळीच फिल्म मागितली. उस्तादांनी मान हलवली. “काळी नाही लावत साहेब. काढून काढून हात दुखलेत.”

त्या वाक्यामागे मोठा इतिहास आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार जायला हवा. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काचेवर वरून फिल्म चिकटवायलाच मनाई केली, आणि ४ मेपासून ती लागू झाली. ज्या हातांनी फिल्म बसवल्या, त्याच हातांनी उस्ताद त्या भर उन्हाळ्यात खरवडत बसले. पुढे नियम बदलले. १ एप्रिल २०२१ पासून प्रमाणित ‘सेफ्टी ग्लेझिंग’ला जागा मिळाली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने, ठरल्या प्रमाणात उजेड येऊ देणारी फिल्म लावता येते, असा निर्वाळा दिला. तेव्हापासून उस्ताद आधी मीटर काढतात, मग पाते. कारण हिशेब गुणाकाराचा आहे. काच स्वतः ७५ टक्के उजेड सोडीत असेल आणि तिच्यावर ७० टक्क्यांची फिल्म बसली, तर आत येतो साडेबावन्न टक्के. बाजूच्या काचेला एवढे कसेबसे चालते. पुढच्या काचेला नाही.

मग काम सुरू झाले. सुरीपेक्षा पाण्याचाच खर्च अधिक! मला वाटले होते, काचेचा वैरी म्हणजे पाते. उस्तादांच्या मते पहिला वैरी धूळ. आणि विज्ञान त्यांच्या बाजूचे आहे. कठीणपणाच्या मोह्ज मापात काच साडेपाच-सहाच्या आसपास, पोलादी पातेही तिच्या बरोबरीचे. पण वाळूतली गारगोटी सात. कोरड्या फडक्याने धूळ पुसणे म्हणजे वाळूने काच घासणे होय. म्हणून आधी भरपूर पाणी, मग शाम्पूचा फवारा, मग रबरी पट्टी.

फिल्म आतून बसते, पण तिचा आकार बाहेरच्या बाजूने बेततात. ओल्या काचेवर ती पसरली. काचेला बाक असतो, फिल्मला नसतो. तेव्हा गरम हवा मारून तिला आकसवली, आणि ती काचेच्या अंगासारखी झाली. आता कापणे. पाते स्टेनलेस स्टीलचे, कारण कार्बन पोलादाचे पाते काचेवर लवकर ओरखडा काढते. प्रत्येक काचेसाठी टोक मोडून नवी धार. बोथट पात्याला जोर द्यावा लागतो, आणि चर उठतो तो त्या जोराने. पाते उभे न धरता जवळजवळ आडवे, कडेच्या रबराला टेकवून, न थांबता एका ओढीत. हाताचा भार शून्य; पात्याचे स्वतःचे वजन पुरते. फिल्म दुभंगली, खालच्या काचेला पत्ता नाही.

मागच्या काचेपाशी मात्र उस्ताद जपून वागतात. तिच्या आतल्या अंगाला दव घालवणाऱ्या बारीक तारा असतात. एक तुटली की तेवढी पट्टी पावसाळाभर धुरकट. म्हणून आतल्या बाजूला पाते लावायचेच नाही. बेतलेला तुकडा उचलून वेगळ्या काचेच्या फळीवर कापायचा.

“एवढं कशाला? एक रेघ पडली तर काय बिघडलं?” मेहुण्यांनी विचारले. उस्तादांनी त्यांना शेजारी उभ्या असलेल्या एका जुन्या गाडीपाशी नेले आणि तिच्या काचेवर तिरपा बॅटरीचा झोत टाकला. केसाएवढी रेघ विजेसारखी चमकली. रात्री समोरच्या गाडीचे दिवे तसेच त्या रेघेवर फुटतात, आणि तेवढ्यात रस्ता ओलांडणारा माणूस दिसत नाही. बाजूच्या काचा भट्टीत सहाशे अंशांवर तापवून झटकन थंड केलेल्या असतात. अशा काचेवरचा खोल चर घासून घालवता येत नाही. मेहुणे गप्प झाले.

आता संगणकावर गाडीचे नाव घातले की आकार कापून देणारी यंत्रे निघाली आहेत. उस्तादांना त्यांचा राग नाही. “चांगलंच आहे सर, काचेला पातं लागतच नाही,” ते म्हणाले. तरी हाताखालच्या पोराला ते जुनाच धडा देतात. वर्तमानपत्राची दोन पाने एकावर एक ठेवायची. वरचे कापायचे, खालच्यावर ओरखडा उमटता कामा नये. पोराने चौथ्या खेपेला ते साधले, आणि खालचे पान उन्हात धरून आम्हांला दाखवले.

घरी येऊन मी तोच प्रयोग आकाशकंदिलाच्या पतंगी कागदावर मुलांकडून करून घेतला. दोन संध्याकाळी गेल्या, पुष्कळ कागद गेला. तिसऱ्या दिवशी पाकळ्या कापल्या गेल्या आणि जेवणाच्या टेबलावर एकही चर उमटला नाही, हे सौभाग्यवतींनी स्वतः चष्मा लावून तपासले.